चिलखती माशांचे जबडे: हाडांवरून नेमके काय कळते आणि काय कळत नाही?

खडकवाचक (प्रश्न)

डंक्लिऑस्टियस या लुप्त माशाच्या कवटीची बरीच छायाचित्रे आणि त्याविषयीचे काही लेख मी गेल्या काही दिवसांत पाहिले, आणि जितके वाचले तितक्या शंका वाढत गेल्या. छायाचित्रांत वरच्या आणि खालच्या जबड्याच्या टोकांशी सुळ्यांसारखे उभे काटे दिसतात आणि त्यांच्या मागे लांबलचक पाते दिसते. सुटे दात मात्र कुठेही आढळत नाहीत. काही लेखक या काट्यांना सरळ दात म्हणतात, तर काही ती केवळ टोकदार झालेली हाडे असल्याचे सांगतात. यांपैकी खरे कोणते?

दुसरी शंका आकड्यांविषयी आहे. सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचे मांस, स्नायू किंवा अस्थिबंध यांपैकी काहीही शिल्लक नसताना त्याचा चावा इतक्या न्यूटन बळाचा होता असे कोणी ठामपणे कसे सांगू शकते? जुन्या पुस्तकांत या माशाची लांबी आठ-नऊ मीटर दिलेली असते आणि अलीकडच्या लेखांत ती चार मीटरांच्या आत येते. हाडे तीच असताना मासा निम्म्याने लहान होत असेल, तर चाव्याच्या आकड्यावर तरी कितपत विश्वास ठेवावा?

शिवाय आपल्या स्वतःच्या जबड्याचे मूळ या माशांत सापडते असेही वाचनात आले. हा दावा मला सर्वांत धाडसी वाटला. जबड्याच्या हाडावरून खात्रीने काय सांगता येते आणि अनुमान कुठे सुरू होते, हे जाणकारांनी समजावून द्यावे, अशी विनंती आहे.

अस्थिसंग्रह

आपल्या पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे बरेचसे त्यावर अवलंबून आहे.

प्लॅकोडर्म, म्हणजे डोके आणि छातीवर हाडांच्या पट्टिकांचे चिलखत असलेले मासे, सिल्युरियन या भूवैज्ञानिक काळात उदयाला आले आणि त्यानंतरच्या डेव्होनियन काळाच्या अखेरीस, सुमारे ३५.९ कोटी वर्षांपूर्वी, संपूर्णपणे नाहीसे झाले. हा एकसारख्या माशांचा गट नव्हता, हे आधी लक्षात घ्यावे लागते. आपण ज्याविषयी विचारले आहे तो डंक्लिऑस्टियस त्यांतील आर्थ्रोडायर या शाखेचा आहे. या शाखेत डोक्याचे चिलखत आणि छातीचे चिलखत यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना एकेक सांधा असतो आणि त्या सांध्यामुळे डोके वर उचलता येते. जॉन न्यूबेरी यांनी १८७३ साली या माशाचे वर्णन केले, तेव्हा त्याचे प्रजातिनाम जीवाश्म शोधणाऱ्या जे टेरेल यांच्यावरून पडले. डंक्लिऑस्टियस हे वंशनाम मात्र १९५६ सालचे असून ते क्लीव्हलँडच्या संग्रहालयातील डेव्हिड डंकल यांच्या सन्मानार्थ दिलेले आहे. म्हणून जुन्या ग्रंथांत हाच मासा डायनिक्थिस या नावाने भेटतो आणि वाचकाची गल्लत होते.

आता जबड्याकडे वळू. तोंडाच्या प्रत्येक बाजूला तीन मुख्य हाडे असतात. खालच्या जबड्यात एक लांब हाड असते आणि वर पुढची व मागची अशी दोन पट्टिकांसारखी हाडे असतात. खालचे हाड हातात घेऊन पाहिले तर त्याचे दोन भाग चटकन वेगळे करता येतात. पुढचा भाग चावण्याचा असतो आणि त्याच्या टोकाशी तो उभा काटा व मागे पात्यासारखी धार असते. मागचा भाग चपटा आणि बिनधारेचा असून जिवंतपणी तो स्नायूंत बुडालेला असे. पुढच्या भागावर, जिथे वरचे हाड खालच्या हाडाला घासून जात असे, तिथे हाड झिजून गुळगुळीत झालेले असते आणि भिंग धरले तर घासण्याचे बारीक ओरखडेही काही नमुन्यांत दिसतात. कात्रीची पाती जशी एकमेकींवर घासून धार धरतात, तसाच प्रकार येथे घडत होता. प्रत्येक चाव्याबरोबर कड झिजत होती आणि झिजता झिजता तीक्ष्ण राहत होती.

तेव्हा डंक्लिऑस्टियसच्या त्या काट्यांना शार्कच्या किंवा आपल्या दातांसारखे दात म्हणता येत नाही. ते जबड्याच्या हाडाचेच भाग आहेत. ते पडून त्यांच्या जागी नवे येत नसत आणि हाडात खोबण करून बसवलेलेही नसत. परंतु यावरून चिलखती माशांना दातच नव्हते असा निष्कर्ष काढला, तर तो चुकेल.

या मुद्द्यावर बराच वाद झालेला आहे. २००३ साली मोया स्मिथ आणि झरीना जोहानसन यांनी काही प्रगत आर्थ्रोडायर माशांच्या जबड्यांवर ओळीने येणारे खरे दात असल्याचे मांडले आणि ते इतर माशांच्या दातांपासून स्वतंत्रपणे उत्क्रांत झाले असावेत असे सुचविले. त्यावर आक्षेप असा होता की, हे नुसते हाडाचे उंचवटे असतील. २०१२ साली मार्टिन रुक्लिन, फिलिप डोनोह्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉम्पॅगोपिसिस या लहान आर्थ्रोडायरचे जबडे सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरणांखाली तपासले. हाड न कापता आतली रचना केसाच्या जाडीहूनही बारीक तपशिलात दाखविणारे हे तंत्र आहे. त्यात उंचवट्यांच्या आत दंतिन, म्हणजे दात ज्याचा बनतो तो कठीण पदार्थ, आणि गराच्या पोकळ्या दिसल्या, आणि वाढीच्या रेषांवरून कोणता दात आधी आला व कोणता नंतर, हा क्रमही लावता आला. जबड्याच्या मध्यावरील एका बिंदूपासून दात बाहेरच्या दिशांना ओळीने वाढत गेले होते. जुने दात गळून पडत नव्हते, ते जागच्या जागी झिजत होते आणि नवे ओळींच्या टोकांना येत होते. म्हणजे प्रौढ माशाच्या जबड्यावर जी सलग धार दिसते, तिच्या खाली बालपणीच्या दातांचे अवशेष दडलेले असू शकतात.

थोडक्यात, एकाच हाडात माशाच्या आयुष्याचा क्रम साठवलेला असतो आणि चावून झिजलेला वरचा भाग पाहून ठरविले तर आपण अर्धेच पाहिलेले असते.

तरफ

चाव्याच्या बळाविषयीची आपली शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर तो आकडा कसा काढला याच्यातच आहे.

फिलिप अँडरसन आणि मार्क वेस्टनीट यांनी २००७ साली डंक्लिऑस्टियसच्या जबड्याचे यांत्रिक प्रारूप प्रसिद्ध केले. डोक्याचे चिलखत, छातीचे चिलखत, खालचा जबडा आणि त्यांना जोडणारे स्नायू यांच्याकडे त्यांनी सांध्यांनी जोडलेल्या चार दांड्यांची यंत्रणा म्हणून पाहिले. पाठीकडचे स्नायू डोके वर खेचतात, त्याच वेळी घशाकडचे स्नायू खालचा जबडा खाली ओढतात आणि तोंड दोन्ही बाजूंनी एकदम उघडते. या हिशोबाने तोंड उघडायला सुमारे २० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग लागत असे आणि उघडून मिटण्याची संपूर्ण क्रिया ५० ते ६० मिलिसेकंदांत पुरी होत असे. इतक्या वेगाने तोंड उघडले तर पाणी आणि त्याबरोबर भक्ष्य आत ओढले जाणे शक्य आहे. त्याच अभ्यासात जबड्याच्या टोकाशी ४,४०० न्यूटन आणि मागच्या पात्याशी ५,३०० न्यूटन इतके बळ काढलेले आहे. अदमासे साडेचारशे आणि पाचशे चाळीस किलो वजनाचा भार एका लहानशा कडेवर आला तर जे होईल, ते येथे अपेक्षित आहे.

आता या आकड्यांचे घटक सुटे करून पाहू. सांध्यांच्या जागा हाडांवर प्रत्यक्ष दिसतात, त्यामुळे दांड्यांच्या लांब्या आणि त्यांचे एकमेकींशी असलेले प्रमाण मोजता येते. वेग आणि बळ यांची अदलाबदल याच प्रमाणांवर ठरते, म्हणून हा भाग भक्कम आहे. स्नायूंची दिशाही बऱ्याच अंशी कळते, कारण स्नायू जिथे चिकटतात तिथे हाडावर खळगे, कंगोरे आणि खरबरीत पट्टे राहतात. स्नायूंची जाडी मात्र चिलखताच्या आतील रिकाम्या जागेवरून अंदाजावी लागते आणि स्नायूच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरमागे किती बळ निर्माण होते, हे आजच्या माशांवरून उसने घ्यावे लागते. ४,४०० हा आकडा या उसनवारीसकट वाचायचा असतो. त्यातले शेवटचे दोन अंक मी तरी मनावर घेणार नाही. टोकापेक्षा मागच्या पात्याशी बळ अधिक होते, किंवा हा मासा वेगाने उघडणारे आणि जोराने मिटणारे अशी दोन्ही कामे करणारे तोंड बाळगून होता, हे निष्कर्ष मात्र स्नायूंची जाडी थोडीफार कमीजास्त धरली तरी टिकतात.

एक व्यावहारिक अडचणही सांगायला हवी. अमेरिकेतील ओहायोमधल्या क्लीव्हलँड शेल या पातळ थरांच्या, चिखलापासून बनलेल्या खडकात डंक्लिऑस्टियसचे उत्तमोत्तम नमुने मिळाले आहेत, परंतु शेलमध्ये गाडलेली हाडे वरच्या थरांच्या भाराने चेपली जातात आणि आतल्या पोकळीची उंची मोजताना ते चेपणे हिशोबात धरावे लागते. याउलट पश्चिम ऑस्ट्रेलियातील किंबर्ली प्रदेशातल्या गोगो या प्रसिद्ध स्थळी, सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीचे मासे चुनखडीच्या गोट्यांमध्ये त्यांच्या मूळ आकारात जपले गेले आहेत. सौम्य ॲसिटिक आम्लात गोटा ठेवला की चुनखडी हळूहळू विरघळते आणि हाड मोकळे होते. पात्याची धार जशीच्या तशी हाती येते ती अशा नमुन्यांत. काही गोगो माशांत तर स्नायूंचे अवशेषही सापडले आहेत, त्यामुळे सारेच मांस नाहीसे झाले असे म्हणता येत नाही.

शैवाल

वरील उत्तराला एक जोड देतो. सर्वांचे लक्ष डंक्लिऑस्टियसकडे जाते हे समजण्यासारखे आहे, पण हाडाच्या आकारावरून आहार ओळखण्याची पद्धत कितपत चालते, हे पाहायचे असेल तर त्याच्या शेजाऱ्यांकडे पाहावे.

टायटॅनिक्थिस हा आर्थ्रोडायर त्याच्याच काळात वावरत होता आणि आकाराने त्याच्याशी स्पर्धा करील इतका मोठा होता. तरीही त्याचा खालचा जबडा लांब, सडपातळ आणि बिनधारेचा आहे आणि त्यावर काटा किंवा पाते काहीच नाही. २०२० साली संगणकावर त्याच्या जबड्याचे प्रारूप करून त्याच्यावर ताण देऊन पाहण्यात आला, तेव्हा भक्ष्य तोडणाऱ्या नातलगांच्या जबड्यांपेक्षा तो कितीतरी दुबळा निघाला. पाणी गाळून खाणारा आजचा बास्किंग शार्क आणि शिकारी शार्क यांच्या जबड्यांत, किंवा गाळून खाणारे देवमासे आणि दात असलेले देवमासे यांच्या जबड्यांत जसा फरक दिसतो, तशाच प्रकारचा हा फरक होता. म्हणून टायटॅनिक्थिस पाण्यातले बारीक जीव गाळून खात असावा, असा निष्कर्ष काढण्यात आला.

या अभ्यासात मला सर्वांत पटलेली गोष्ट अशी की, त्यात बळाचा एकही निरपेक्ष आकडा लागत नाही. सारख्याच बळाखाली कोणते हाड आधी हार मानते, एवढेच विचारलेले आहे आणि तेवढ्याचे उत्तर हाडाच्या आकारातून मिळते.

टिक्टोडाँट या गटात चित्र पुन्हा निराळे आहे. त्यांच्या तोंडात कापण्याऐवजी दळण्यासाठी योग्य अशा जाड, टणक पट्टिका आहेत आणि त्यावरून हे मासे कवचधारी प्राणी फोडून खात असावेत असे मानले जाते. बॉथ्रिओलेपिस हा तर डेव्होनियन काळातला सर्वत्र पसरलेला चिलखती मासा. त्याचे तोंड डोक्याच्या खालच्या बाजूला आणि जबडे इतके लहान व दुबळे की, तळाचा गाळ चाळून खाणे यापलीकडे फारसा पर्याय त्याच्यापाशी नसावा.

खडकवाचक

आपणा सर्वांची उत्तरे अतिशय उपयुक्त आहेत. बळाच्या आकड्यातला मोजलेला भाग आणि उसना घेतलेला भाग वेगळा करून दाखविला, त्याने माझी मुख्य शंका फिटली. लांबीचा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे. जबडा इतके सांगू शकतो, तर मासा किती मोठा होता एवढे साधे त्याला का सांगता येऊ नये?

तरफ

कारण ते साधे नाही. डंक्लिऑस्टियसच्या चिलखताच्या मागे जे शरीर होते त्याचा सांगाडा मुख्यतः कूर्चेचा होता आणि कूर्चा क्वचितच टिकते. हाती येते ते डोके आणि छाती. शेपटीपर्यंतची उरलेली लांबी कोणाच्या तरी प्रमाणावरून काढावी लागते. आता प्रमाण कोणाचे घ्यायचे, यावर सारे अवलंबून आहे.

२०१७ सालच्या एका अभ्यासात शार्क माशांच्या तोंडाचा घेर आणि त्यांची लांबी यांचे नाते वापरले गेले आणि एका मोठ्या नमुन्याची लांबी सुमारे सात मीटर ठरली. यातली अडचण अशी की, आर्थ्रोडायर माशांचे तोंड त्यांच्या अंगाच्या मानाने शार्कपेक्षा बरेच मोठे असे. ज्या मोजक्या आर्थ्रोडायर माशांचे शरीर शेपटीसकट मिळाले आहे, उदाहरणार्थ स्कॉटलंडच्या जुन्या तांबड्या वालुकाश्मातला कॉकोस्टियस, त्यांना शार्कचा नियम लावला तर उत्तर त्यांच्या प्रत्यक्ष लांबीपेक्षा फुगून येते. रसेल एंगलमन यांनी २०२३ साली तोंड बाजूला ठेवले आणि डोळ्याच्या खोबणीपासून कवटीच्या मागच्या कडेपर्यंतची लांबी घेतली, कारण हे माप वेगवेगळ्या माशांत शरीराच्या लांबीशी अधिक नेमाने जुळते. त्यातून सामान्य प्रौढ डंक्लिऑस्टियस सुमारे ३.४ मीटर आणि सर्वांत मोठा ज्ञात नमुना सुमारे ४.१ मीटर येतो. शरीर लांबट शार्कसारखे नसून ट्यूना माशासारखे आखूड आणि जाडजूड होते, असे चित्र त्यातून उभे राहते.

चाव्याच्या आकड्याला यामुळे फारसा धक्का लागत नाही, हे आपल्या मूळ शंकेचे उत्तर. चाव्याचा हिशोब डोक्याच्या मापांवर उभा आहे आणि डोके कोणीही लहान केलेले नाही. उलट साडेतीन मीटरच्या माशाला एवढे डोके आणि एवढा जबडा होता म्हटल्यावर प्राणी अधिकच विलक्षण ठरतो, असे माझे मत आहे. नऊ मीटरचे चित्र ज्यांना प्रिय आहे, त्यांना ही वजाबाकी रुचत नाही, आणि काही ठिकाणी त्यावर चाललेली चर्चा जीवाश्मांपेक्षा अभिमानाचीच जास्त वाटते.

युनानचा प्रवासी

आपल्या जबड्याच्या मुळाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून तो भाग मी घेतो. प्रश्नकर्त्यांना हा दावा सर्वांत धाडसी वाटला. माझ्या मते येथे मांडल्या गेलेल्या गोष्टींत तो सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याचा पाया डंक्लिऑस्टियसपेक्षा कितीतरी लहान माशांवर आहे.

माणसाचा खालचा जबडा एका हाडाचा बनलेला आहे आणि वरच्या जबड्याच्या कडेला मुख्यतः दोन जोड्या आहेत, त्यांतली पुढची जोडी आपल्यात मागच्या जोडीशी एकजीव होऊन जाते. हीच हाडे बेडकांत, सरड्यांत आणि हाडांचा सांगाडा असलेल्या बहुतेक माशांत ओळखता येतात. ही त्वचेत तयार होणारी, चेहऱ्याच्या बाहेरच्या बाजूला येणारी हाडे आहेत. आर्थ्रोडायर माशांची पाती मात्र तोंडाच्या आत बसलेली असून चेहऱ्यावर त्यांचा भाग येत नाही. म्हणून दीर्घकाळ असा समज होता की, प्लॅकोडर्म ही एक बाजूला गेलेली, निर्वंश झालेली शाखा आहे आणि आपल्यासारखा जबडा अस्थिमत्स्यांत, म्हणजे हाडांचा सांगाडा असलेल्या माशांत, नव्याने निर्माण झाला.

२०१३ साली झू मिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीनच्या युनान प्रांतातील चूचिंग येथून एंटेलोग्नेथस या माशाचे वर्णन प्रसिद्ध केले. सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वीचा, वीस सेंटीमीटरच्या आसपास लांबीचा हा मासा. डोके आणि छाती पूर्णपणे प्लॅकोडर्म पद्धतीच्या चिलखतात बंद, आणि जबड्याच्या कडेला मात्र वरची दोन्ही हाडे आणि खालचे दंतास्थी (खालच्या जबड्याचे दात असलेले हाड), अस्थिमत्स्यांत असतात तशी. एकाच डोक्यावर ही दोन्ही लक्षणे नांदू शकतील असे त्याआधी फारसे कोणी धरून चालत नव्हते. २०१६ साली त्याच परिसरातून चीलिन्यू हा दुसरा मासा पुढे आला. त्याच्या वरच्या जबड्याच्या हाडांना चेहऱ्यावर येणारा छोटा भाग आहे आणि तोंडाच्या आत वळणारा, आर्थ्रोडायर पात्याची आठवण करून देणारा रुंद भागही आहे. यावरून त्याच्या अभ्यासकांनी मांडले की, आतली पाती आणि चेहऱ्यावरची हाडे ही मुळात एकच हाडे असून उत्क्रांतीच्या ओघात त्यांचा विस्तार आतून बाहेरच्या बाजूला झाला.

येथे अनुमान सुरू होते, हे प्रामाणिकपणे सांगतो. दोन हाडे एकच आहेत असे म्हणताना त्यांची जागा, शेजारची हाडे आणि वाढीची पद्धत या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात, आणि आर्थ्रोडायर पात्यांच्या बाबतीत त्या सगळ्या जुळतात यावर अजून एकमत नाही. आतली हाडे आणि बाहेरची हाडे वेगवेगळ्या मालिकांतली असावीत, असे मानणारेही अभ्यासक आहेत. परंतु चिलखत घातलेल्या माशाच्या जबड्यावर आपल्या जबड्यातली हाडे बसलेली आहेत, ही एंटेलोग्नेथसची साक्ष या वादात कोणत्याही बाजूने निकाल लागला तरी बदलणार नाही, कारण ते निरीक्षण आहे.

अस्थिसंग्रह

वरील विवेचनाला दातांच्या बाजूने एक दुवा जोडतो. २०२० साली प्राग परिसरातील सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या चुनखडीतले काही आदिम प्लॅकोडर्म याच सिंक्रोट्रॉन तंत्राने तपासले गेले. खडक न फोडता, हाड आतच ठेवून. त्यांच्या जबड्याच्या कडेला एका सलग पात्याऐवजी अनेक लहान हाडांची रांग निघाली, त्यांवर दात होते आणि नवे दात तोंडाच्या आतल्या बाजूने भर पडून येत होते. अस्थिमत्स्यांत दात असेच आतून येतात. हे मासे आर्थ्रोडायर माशांपेक्षा आदिम असल्यामुळे या गटातली मूळ पद्धत हीच असावी आणि डंक्लिऑस्टियसचे दोन काटे व सलग धार ही त्यानंतर आलेली, एका शाखेपुरती मर्यादित घडण असावी, असे दिसते. त्यामुळे संग्रहालयांत सर्वांत ठळकपणे मांडला जाणारा हा जबडा आपल्या जबड्याच्या वाटेवर नसून त्या वाटेला फुटलेल्या फाट्यावर आहे, आणि मुळाचा शोध घेणाऱ्यांना बोटभर लांबीच्या जबड्यांकडे वळावे लागते.